चेहरा नसलेली भुते

टोकियोत नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीने २०२५ च्या उन्हाळ्यात काही छायाचित्रे पाठविली. मेगुरो भागात तेव्हा गाजोएन नावाचे हॉटेल होते. त्याच्या आवारात १९३५ साली बांधलेली एक लाकडी वास्तू जपून ठेवली आहे. एका लांबलचक जिन्याच्या कडेने चढत गेलेली सात दालने, असे तिचे स्वरूप. नाव 'शंभर पायऱ्यांचा जिना', पायऱ्या मात्र नव्याण्णव. तेथे मंद दिव्यांच्या उजेडात जपानी भुताखेतांचे प्रदर्शन मांडले होते. शिंगे असलेले ओनी, माणसाचे सोंग घेणारे कोल्हे, रात्री निघणारी शंभर पिशाच्चांची वरात. (तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. उकाड्यात अंगावर शहारा यावा म्हणून भुतांच्या गोष्टी ऐकण्याची त्यांची जुनी रीत आहे.) छायाचित्रांखाली तिने एकच प्रश्न लिहिला होता : "मॅडम, आपल्या भुतांचे असे प्रदर्शन का नाही हो भरत?"

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. नावांच्या बाबतीत मराठी काही दरिद्री नाही. मुंजा, समंध, खवीस, झोटिंग, गिऱ्हा, चकवा, हडळ, जखीण, लावसट, ब्रह्मराक्षस, देवचार. आणि या सर्वांचा अधिपती वेताळ. पण यांतली लावसट कशी दिसते, असे कोणी विचारले तर? हडळीचे उलटे पाय आणि मोकळे केस एवढे सांगता येईल. मुंज्याची शेंडी सांगता येईल. त्यापुढे आपण अडतो.

जपानी भुते अडत नाहीत, कारण त्यांना चित्रकार भेटला. तोरियामा सेकिएन याने १७७६ साली एका पानावर एक भूत आणि शेजारी त्याचे नाव अशी चित्रावली छापली आणि पुढे तिचे आणखी भाग काढले. डोक्यावरच्या खळग्यात पाणी बाळगणारा नदीतला कप्पा त्यात आहे, न्हाणीघरातला मळ चाटणारा आकानामे आहे. विसाव्या शतकात मिझुकी शिगेरू यांनी हीच मंडळी चित्रकथांत आणली आणि ती घरोघर पोहोचली. शंभर वर्षे जुनी झालेली छत्री एका पायावर उड्या मारत निघते, हे चित्र एकदा काढले गेले की तिची भीती उरत नाही, लोभ उरतो.

आमच्या भुतांना भेटला तो कलेक्टर, आणि तोही नाशिकचा. ए. एम. टी. जॅक्सन हे नाव येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते ते वेगळ्या कारणाने. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. कान्हेरे १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. त्यांच्या नावाचे मैदान आज शहरात आहे. मला येथे जॅक्सनची थोरवी गायची नाही. पण हा गृहस्थ संस्कृतचा अभ्यासक होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याने जमविलेली लोकसमजुतींची टिपणे आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादून प्रसिद्ध केली. त्यांतला कोकणाचा खंड १९१५ चा. प्रश्नावल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडे गेल्या, मास्तरांनी उत्तरे लिहून पाठविली. आपल्या भुतांची पद्धतशीर नोंद ही अशी सरकारी टपालाने झालेली आहे.

ती नोंद वाचताना माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की मास्तरांनी भुतांचे रूप फारसे सांगितलेलेच नाही. सांगितले आहे ते भूत कोणाचे. मुंज लागून सोडमुंज होण्याआधी गेलेल्या ब्राह्मण मुलाचा मुंजा होतो. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ, विधवा मेली तर लावसट, निपुत्रिक वा धनलोभी माणसाचा समंध, मुसलमानाचा खवीस, अविवाहित क्षत्रियाचा वीर. जात, वय, लग्न झाले की नाही, मरण कसे आले. ही पिशाच्चांची यादी की खानेसुमारी, असा प्रश्न पडावा. जिवंतपणी ज्या चौकटीत माणूस बसविला, तीच मेल्यावरही त्याला सुटली नाही.

त्या डिसेंबरच्या रात्री विजयानंदमध्ये प्रयोग होता देवलांच्या 'शारदे'चा. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे नाटक. अशा लग्नातून विधवा घडत, आणि त्या विधवांच्या लावसटी. नोंदी जमविणारा माणूस त्या नाटकाला आला असता मारला गेला. या योगायोगातून मी काही अर्थ काढू इच्छित नाही. पण तो विसरताही येत नाही.

माझ्या आजीची एक जाऊ होती. येवल्याकडचे घर. बाळंत होऊन आठव्या दिवशी ती गेली. तिला नेताना वाटेवर राळे टाकत गेले, असे आजी सांगे. ते दाणे वेचता वेचता पहाट व्हावी आणि तिने घरी पोहोचू नये म्हणून. पुढे घरात कोणाला ताप आला, म्हैस आटली, की बोट तिच्याकडे. घरातल्या बायका तिला 'ती' म्हणत. तिचे नाव मी आजीला तीन-चारदा विचारले. आजीने प्रत्येक वेळी विषय बदलला. देव्हाऱ्यात तिचा टाक नाही, घरात छायाचित्र नाही, कुळाच्या वहीत तिच्या नवऱ्याच्या नावापुढे एकदम दुसरी बायको आहे. हडळीला चेहरा का नाही, याचे उत्तर मला त्या वहीत सापडले. चित्र काढायचे तर ती ओळखीची निघाली असती.

जपानलाही हे दुःख ठाऊक नाही असे नव्हे. तेथे योकाई निराळे आणि यूरेई निराळे. योकाई म्हणजे छत्र्या, कप्पा, कोल्हे. यूरेई म्हणजे मेलेले माणूस, बहुधा स्त्री, वासना राहिलेली. यूरेईचीही चित्रे आहेत : पांढरे वस्त्र, पाय नाहीत. टोकियोच्या यानाका भागातल्या झेन्शोआन मंदिरात सान्यूतेई एन्चो या कथाकाराच्या संग्रहातली अशी चित्रे ऑगस्टमध्ये पाहायला मिळतात. मंदिरात, पितरांच्या दिवसांत. हॉटेलच्या जिन्यावर कंदील लावून मिरविले गेले ते मुख्यतः योकाई. कोणते भूत कोठे टांगावे याचे तारतम्य त्यांनी राखले आहे असे मला वाटते. आमच्याकडे योकाई जवळजवळ नाहीतच. चकवा तेवढा त्या जातीचा, रात्री त्याच त्या जागी फिरविणारा. बाकी सगळे यूरेई.

आणि तरीही नाशिकात एक भूत वर्षातून एकदा उजळ माथ्याने रस्त्यावर येते. धुळवडीच्या दिवशी वीरांची मिरवणूक निघते. घरोघरचे वीरांचे टाक गोदावरीवर स्नानाला नेतात. त्यांत मानाचा दाजीबा वीर. हळद लागलेल्या अंगाने चोरांच्या हल्ल्यात मारला गेलेला नवरदेव, अशी त्याची कथा. त्याची भूमिका वठविणारा माणूस बाशिंग बांधून जुन्या नाशकातून फिरतो, लोक दर्शन घेतात, ज्यांची लग्ने जुळत नाहीत तेही येतात. जॅक्सनच्या यादीतला वीर तो हाच. त्याला चेहरा मिळाला, बाशिंग मिळाले, घराघरातून ओवाळणी मिळाली. तो पुरुष होता आणि झुंजून मेला. आठव्या दिवशी तापाने गेलेल्या बाईसाठी कोणी मिरवणूक काढलेली माझ्या ऐकिवात नाही.

मुखवट्यांचे म्हणाल तर त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या आणि पलीकडे मोखाड्याच्या पाड्यांवर होळीनंतर उन्हाळाभर बोहाडे होतात. मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकेक सोंग नाचत येते : गणपती, रावण, त्राटिका, वेताळ. शंभर पिशाच्चांच्या वरातीला याहून जवळचे दुसरे काही मला माहीत नाही. पण तो मुखवटा पूजेतला आहे, आणि सोंगाचा मान घराण्याकडे असतो. हॉटेलांच्या स्वागतकक्षात अशा मुखवट्यांच्या नकला टांगलेल्या पाहिल्या की मला अवघडल्यासारखे होते. नुसते लाकूड तिथे आलेले असते; संबळ आणि रात्र आलेली नसते.

आणखी एक अडचण आहे, ती सौंदर्यशास्त्राची नव्हे. नंदुरबारकडच्या पट्ट्यात बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या घटना आपल्याच काळातल्या आहेत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नाही. ज्या शब्दाने अजून मार बसतो, त्याचे शोभेचे चित्र करायला हात धजत नाही.

विद्यार्थिनीला मी उत्तर लिहिले ते थोडक्यात. यातले पुष्कळसे लिहिले नाही. तिने उलट विचारले, आजीच्या जावेचे नाव अजून कोणाला आठवत असेल का? येवल्याला एक चुलत आत्या आहेत, नव्वदीच्या घरातल्या. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन येणार आहे.