गाविलगडचे खिंडार

दिवाळीला अकोल्यास बहिणीकडे गेलो, म्हणजे अंगणातल्या किल्ल्याचे काम माझ्याकडे येते. दरवर्षी रायगड होई. यंदा म्हटले, "आपण वऱ्हाडची माणसे, आपला गाविलगड करू."

गल्लीतली मुले कामाला लागली. कुणी काळी माती कालवली, कुणी चिखलात भिजवलेल्या पोत्यांचे चिखलदऱ्याचे डोंगर उठवले, कुणी मोहरी पेरली. मी इतिहास सांगत होतो. १४२५ साली बहमनी सुलतान अहमदशहाने हा गड बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने तोफांनी तट फोडून तो घेतला, आणि किल्लेदार बेनीसिंग दरवाजापाशी लढता लढता पडला.

"तेव्हा आता उत्तरेकडे खिंडार पाडा," मी म्हणालो.

भाच्याने चिखलाचे हात मागे घेतले. "मामा, आपलाच किल्ला आपण काहून फोडाचा?"

मला उत्तर सुचेना. अखेर खिंडार मीच पाडले.

भाऊबीजेच्या पहाटे उठून पाहतो, तो खिंडार तसेच होते; पण त्यात मातीचा एक बेनीसिंग उभा होता, हाती खराट्याच्या काडीची तलवार, शेजारी एक पणती. तिच्यातले तेल संपत आले होते. मी हळूच बुधली आणली आणि तेल घातले.