ड्रायव्हर उतरल्यावर

रॅचेटला डोकं नाही. १९८४ साली अमेरिकेतल्या दुकानांत आलेल्या, गाडीचा रोबो होणाऱ्या मूळ ‘ट्रान्सफॉर्मर्स’ खेळण्याबद्दल बोलतोय. कार्टूनमधला रॅचेट चांगला धडधाकट, चेहरामोहरा असलेला डॉक्टर आहे. खेळणं म्हणजे निस्सानच्या चेरी व्हॅनेट या डबाछाप व्हॅनची पांढरी रुग्णवाहिका. ती मधोमध सोडवली की पुढचा भाग दोन पायांवर उभा राहतो आणि मागचा भाग तोफगाडा होऊन बाजूला उरतो. हात आहेत, पाय आहेत, छातीच्या जागी गाडीचं तोंड आहे. वर मात्र काहीच नाही. समोरच्या काचेतून आत डोकावलं की एक खुर्ची दिसते, आणि तिच्या पाठीवर चेहऱ्याचं स्टिकर. तेही मुलानेच खोक्यातल्या कागदावरून अलगद सोडवून लावायचं. वाकडं लागलं तर रॅचेट जन्मभर मान कलती करून बघणार.

त्या खुर्चीवर आधी माणूस बसायचा. डोक्याची गरजच नव्हती.

टाकारा या जपानी कंपनीने १९८० मध्ये ‘डायाक्लोन’ नावाची खेळणी काढली. यंत्रमानव, यानं, आणि ती चालवणारी जेमतेम तीन सेंटिमीटरची माणसं. या माणसांच्या पावलांत लोहचुंबक असत, त्यामुळे ती धातूच्या भागांवर उभी राहत. १९८२ मध्ये या मालिकेत खऱ्याखुऱ्या मोटारी आल्या. लॅम्बोर्गिनी काउन्टॅच, लॅन्सिया स्ट्रॅटॉस, पोलिसांची फेअरलेडी झेड. प्रमाण एकास साठ. रस्त्यावरची गाडी हुबेहूब, दारं उघडणारी, आणि पाच-सहा घड्या उलगडल्या की उभा रोबो. कोजिन ओनो, शोजी कावामोरी यांच्यासारख्या डिझायनरांनी या घड्यांवर जे डोकं चालवलंय ते आजही हातात घेतल्यावर कळतं: बोनेट छाती होतं, दारं पंख होतात, चाकं खांद्यामागे जाऊन बसतात, आणि एकही तुकडा उरत नाही. (रॅचेट आणि त्याच्याच साच्यातला लाल आयर्नहाइड हे अपवाद. प्रत्येक घरात एखादा असतोच.) पण या रोबोंना स्वभाव नव्हता. ती वाहनं होती. खेळणारा पोरगा त्या तीन सेंटिमीटरच्या माणसात शिरायचा आणि गाडी चालवायचा.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने टोकियोच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात हा माल पाहिला आणि उचलला. टाकाराचीच ‘मायक्रो चेंज’ नावाची दुसरी मालिकाही घेतली. तिच्यात खेळण्यातलं वॉल्थर पिस्तूल रोबो व्हायचं, कॅसेट रेकॉर्डर रोबो व्हायचा. दोन्हींचं प्रमाण वेगवेगळं, काही मेळ नाही. पिस्तूल ट्रकपेक्षा मोठं की लहान, या भानगडीत कोणी पडलं नाही. साचे तेच ठेवले, रंग थोडेफार बदलले, आणि एक मोठी गोष्ट केली: ड्रायव्हर काढून टाकला.

खुर्च्या मात्र तशाच राहिल्या. साचा नवा करायचा तर खर्च. म्हणून पहिल्या खेपेच्या कितीतरी गाड्यांत आजही दार उघडलं की आत कोणासाठी तरी ठेवलेली जागा दिसते. खुद्द नायकाच्या, ऑप्टिमस प्राइमच्या लाल ट्रकच्या केबिनमध्येही ती आहे. गाडीला मन द्यायचं ठरल्यावर पहिलं काम काय केलं, तर तिच्या मालकाला खाली उतरवलं.

मन देण्याचं काम मार्व्हल कॉमिक्सकडे आलं. संपादक जिम शूटर यांनी कथेचा आराखडा लिहिला, डेनी ओनील यांनी ‘ऑप्टिमस प्राइम’ हे नाव दिलं. बाकीच्यांची नावं आणि स्वभाव ठरवायला कोणी मोकळं सापडेना, तेव्हा ते बॉब बुडियान्स्की या संपादकाच्या गळ्यात पडलं. नोव्हेंबर १९८३, थँक्सगिव्हिंगची सुट्टी. सगळं घर जेवणाच्या तयारीत असताना हा माणूस खेळण्यांची चित्रं समोर घेऊन बसला आणि दोन डझनांवर रोबोंची कुंडली मांडून मोकळा झाला.

या कुंडल्या खोक्याच्या मागे छापलेल्या असत. बळ, बुद्धी, वेग, सोशिकपणा, हुद्दा, धैर्य, मारा, कौशल्य अशा आठ गुणांचे आकडे लाल ठिपक्यांच्या गर्दीत लपवलेले, आणि ते वाचायला खोक्यात लाल प्लॅस्टिकची एक पट्टी. पट्टी ठेवली की आलेख उमटायचा. मुलांना ही पट्टी आवडली असणार हे सांगायला नको. मला आवडते ती आकड्यांच्या बाजूची चार ओळींची माहिती. ती लिहिणाऱ्याने जाहिरात लिहायची होती. त्याने माणसं लिहून ठेवली.

हफर नावाचा छोटा नारिंगी ट्रक आहे. तो सदा घरच्या आठवणीने कुढतो. गिअर्सला काहीच पसंत नाही. प्रत्येक गोष्टीत खोड. सनस्ट्रीकर ही पिवळी लॅम्बोर्गिनी स्वतःच्या रूपावर इतकी भाळलेली की बाकीच्यांना तुच्छ लेखते. मिराज नावाच्या शर्यतीच्या गाडीला हे स्वातंत्र्ययुद्ध वगैरे मनापासून नको आहे. त्याला आपल्या श्रीमंत दोस्तांबरोबर शिकारीला जायचंय. हाउंड नावाच्या जीपला पृथ्वीवरचे डोंगर-नद्या आवडतात, आणि आतल्या आत त्याला माणूस व्हावंसं वाटतं. आणि ब्लूस्ट्रीक. हा अखंड बडबडतो, समोरच्याला बोलू देत नाही. का, तर त्याचं गाव शत्रूने बेचिराख केलं आणि ते दृश्य त्याच्या डोक्यातून जात नाही.

दहा डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या मोटारीच्या खोक्यावर हे लिहायची काय गरज होती? शूर आहे, वेगवान आहे, घ्या, एवढ्यावरही ती खपली असती. पण कुरकुऱ्या, गर्विष्ठ, भेदरलेला, घरकोंबडा असे सगळे एका गाडीतळावर आणून उभे केले की ती फौज राहत नाही, ते एकत्र कुटुंब होतं. आपल्याला हे निराळं समजावून सांगायला नको.

मग कार्टून आलं, सप्टेंबर १९८४ मध्ये. कथा अशी: सायबरट्रॉन नावाच्या धातूच्या ग्रहावर ऊर्जा संपत आली आहे. ऑटोबॉट आणि डिसेप्टिकॉन हे दोन पक्ष लढता लढता पृथ्वीवर कोसळतात, ज्वालामुखीच्या पोटात चाळीस लाख वर्षं निपचित पडतात आणि १९८४ मध्ये जागे होतात. त्यांच्या यानाचा संगणक भोवतालची वाहनं पाहून त्यांना नवी शरीरं देतो. जागे झाल्यावर डिसेप्टिकॉन पहिला मोठा हल्ला करतात तो समुद्रातल्या तेलविहिरीवर, आणि ऑटोबॉटना भेटणारी पहिली माणसं म्हणजे तिथे काम करणारे बापलेक. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईची धास्ती कार्टूनवाल्यांच्या मनात ताजी होती. तेलासाठी लढणारी ही खेळणी स्वतः तेलापासूनच बनलेली, हा विनोद त्यांना सुचला होता की नाही कोण जाणे.

आपल्याकडे रूप बदलणाऱ्यावर विश्वास टाकायची पद्धत नाही. मारीच हरीण होतो, रावण गोसावी होतो, इंद्र गौतम होतो, आणि दर वेळी कोणाचं तरी घर बुडतं. या अमेरिकी-जपानी पुराणात सोंग दोन्ही पक्ष घेतात, पण घेतलेलं सोंग काय आहे यावरून माणूस ओळखायचा. डिसेप्टिकॉन पिस्तूल होतात, लढाऊ विमानं होतात. ऑटोबॉट होतात ट्रक, जीप, रुग्णवाहिका, फोक्सवॅगन बीटल. म्हणजे लोकांच्या कामाला येणाऱ्या, रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या, धुळीने माखणाऱ्या वस्तू. लहान मुलाला एवढी नीती पुरे. खाली सोसायटीत लावलेल्या गाड्यांपैकी एखादी रात्री उठून उभी राहत असेल, ही शंका एकदा मनात आली की पुढचं सगळं आपोआप होतं.

आणि रिकाम्या खुर्चीचं काय झालं? कार्टूनमध्ये तो तेलविहिरीवरचा मुलगा, स्पाइक, बंबलबी नावाच्या त्या बीटलच्या आत बसतो. स्टिअरिंग समोर आहे, पण ते त्याच्या हातात नाही. गाडी आपली आपण वळते. जपानमध्ये जो चालक होता तो अमेरिकेत पाहुणा झाला. मुलाची ही बढती म्हणायची की पायउतार? मला बढती वाटते. चालवायच्या वस्तूवर आपली सत्ता असते. ज्याला स्वतःचं डोकं आहे त्याच्याशी मैत्री करावी लागते, आणि मैत्रीत समोरचा नाही म्हणू शकतो, रुसू शकतो, मरूही शकतो.

मरूही शकतो, हे विकणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

हे कार्टून म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरात होती, त्यात आडपडदा नको. १९६९ मध्ये ‘हॉट व्हील्स’ या मोटारींवर कार्टून निघालं तेव्हा अमेरिकी प्रसारण आयोगाने त्याला जाहिरातच ठरवून हरकत घेतली होती. रेगन यांच्या काळात नियम सैल झाले. आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क फाउलर यांच्या लेखी टीव्ही हे मिक्सर-टोस्टरसारखंच घरातलं एक उपकरण होतं. त्या सैल नियमांतून ही सगळी वरात आली. जाहिरातीचा हिशोब साधा: १९८६ मध्ये नवा माल येतोय, जुना आता दुकानात नाही, तर जुन्यांना रजा द्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चित्रपटात पहिल्या काही मिनिटांत पोलीस गाडी प्राउल, आयर्नहाइड, रॅचेट एका यानात गोळ्या खाऊन पडतात. थोड्या वेळाने ऑप्टिमस प्राइम उपचारांच्या टेबलावर सगळ्यांसमोर मरतो. त्याचा लाल-निळा रंग उतरून राखाडी होतो. गोदामाची आवराआवर, एवढाच त्यामागचा विचार.

थिएटरात मुलं रडायला लागली. आईबाप त्यांना घेऊन बाहेर पडले, कंपनीकडे तक्रारींची पत्रं आली. खेळण्याचा एक नमुना बंद केला तर इतकं काय, असं हॅस्ब्रोत ज्यांना वाटलं असेल त्यांनी आपल्याच खोक्यांची मागची बाजू वाचली नसणार. त्याच कंपनीच्या ‘जी. आय. जो’ चित्रपटात ड्यूक नावाचा नायक मरायचा होता. घाईघाईने संवाद बदलून त्याला बेशुद्धीत ठेवण्यात आलं. ऑप्टिमस १९८७ च्या सुरुवातीला टीव्हीवर जिवंत होऊन परत आला.

मुलं ट्रकसाठी रडली नव्हती. त्या ट्रकच्या आवाजात एक खरा माणूस होता. पीटर कलन हे कॅनेडियन कलाकार ऑप्टिमसच्या आवाजासाठी परीक्षा द्यायला निघाले तेव्हा त्यांनी थोरल्या भावाला, लॅरीला, सांगितलं की आपण एका ट्रकचं काम करायला चाललोय. लॅरी मरीन दलातला, व्हिएतनाममध्ये जखमी होऊन आलेला. त्याने सांगितलं की नायक करायचास तर आरडाओरडा करणारा करू नकोस. ज्याच्या अंगात खरं बळ आहे त्याला हळू बोलता येतं. कलननी भावाचाच आवाज उचलला. हा थकलेला, खालच्या पट्टीतला, धीर देणारा आवाज ज्या मुलांच्या घरी बाप दिवसभर नव्हता त्यांनी रोज दुपारी ऐकला. २००७ मध्ये दिग्दर्शक मायकल बे यांचा चित्रपट आला तेव्हाही कलन यांनाच बोलवावं लागलं. त्या चित्रपटात रोबोंचे हजारो सुटे भाग एकाच वेळी फिरतात आणि कोण कोणाला मारतंय ते कळत नाही. आवाज आला की मग कळतं.

महाराष्ट्रात माझ्या पिढीला यातलं काही वेळेवर मिळालं नाही. आमच्याकडे एक दूरदर्शन होतं, सावंतवाडीची लाकडी फळं होती, किल्लीची पत्र्याची मोटार होती. ट्रान्सफॉर्मर म्हटलं की कोपऱ्यावरचा वीज मंडळाचा डबा. ऑप्टिमस मला भेटला तो भाच्याच्या हातात, आणि तोही अस्सल नव्हे. जत्रेतला, खोक्यावर इंग्रजीच्या चुका असलेला, लाल ट्रक. प्लॅस्टिक इतकं हलकं की ट्रक उभा केला तर पंख्याच्या वाऱ्याने पडतो. उजवा खांदा सैल; हात वर केला की सावकाश, आपला आपण खाली येतो. खोक्यावर ना कुंडली, ना गुणांचे आकडे. भाच्याने त्याचं नाव ‘नाना’ ठेवलंय. नाना हळू बोलतात, कारण त्यांचा हात दुखतो. नाना रात्री लढाईला जात नाहीत. दिवसा जातात आणि जेवायला परत येतात. निळ्या पोलीस गाडीला त्यांनी एकदा माफ केलं होतं, पण काय केलं होतं तिने ते सांगायचं नाही असं ठरलंय.

बुडियान्स्की यांनी सुट्टीत बसून जे केलं तेच इथे एका सैल स्क्रूने केलं. आणि खरं सांगायचं तर नानांचा स्वभाव मला हफर-गिअर्सपेक्षा पक्का वाटतो, कारण तो छापलेला नाही, दुखऱ्या खांद्यातून निघालाय. खांदा दुरुस्त करून देऊ का, असं मी भाच्याला विचारलं होतं. नको म्हणाला.

तुम्हाला असं खेळणं कोणासाठी घ्यायचं असेल तर एवढं बघा. जपानी ‘मास्टरपीस’ वगैरे मालिका बघायला देखण्या आहेत, पण त्या मोठ्यांच्या कपाटासाठी. घड्या उलगडायला माहितीपत्रक आणि अर्धा तास लागतो, आणि मुलाच्या हातून घेऊन आपणच खेळत बसतो. सहा-सात वर्षांच्या पोराला पाच-सहा घड्यांत उभा राहणारा रोबो द्या, सांधे जाड असलेला. खोक्यामागची माहिती त्याला लगेच वाचून दाखवू नका. आणि एखादा हात सैल झाला तर फेव्हिक्विक काढण्याआधी विचारा.