कापलेली अर्धी बाजू

सुरिमोनो ही विकण्यासाठी नव्हे, तर स्नेह्यांना वाटण्यासाठी छापलेली जपानी काष्ठमुद्राचित्रे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एदोतील कविमंडळे नववर्षाला ती पदरमोड करून काढीत. चित्र होकुसाई, होक्केई वा गाकुतेईचे. सोबत मंडळींच्या क्योका, म्हणजे 31 मात्रांच्या विनोदी कविता. जाड कागद, धातूची पूड, शाईविना उठवलेले ठसे. विक्रीचा हिशेबच नसल्याने हात आखडता नसे.

चाकणच्या कारखान्यांपायी जपानी शिकलेले आम्ही दोघे चिंचवडात बसून ही चित्रे जमवतो. मोठ्या सुरिमोनोत आडव्या कागदाच्या एका अर्ध्यात चित्र, दुसऱ्यात कविता किंवा मैफलीचे निमंत्रण असे. पुढे अनेक संग्राहकांनी मजकुराचा भाग निरुपयोगी ठरवून कापला! (शिरीष पैंमुळे हायकू मराठीत रुळला, क्योकेच्या वाट्याला ते भाग्य कुठले?) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या हुबेहूब नकला जाणकार नाकारतात; आम्ही मुद्दाम घेतो, त्यांत कविता तरी शाबूत असतात.

आमच्याकडच्या एका अस्सल चित्रात उमेची फुललेली फांदी आहे, कडा सरळ कापलेली. बोलावणे कोणाचे, कुठे, कधी, ते कात्रीबरोबर गेले.