रंगांचं खातं

बँकेच्या कारकुनाला तीनच रंग कळतात, असा एक समज आहे. निळी शाई, लाल शाई आणि साहेबांची हिरवी शाई. समज खरा आहे. या तीन रंगांत आमची वीस वर्षं सुखाने गेली. चौथा रंग लागतोच कशाला, हा प्रश्न भाच्यामुळे पडला.

भाच्याला जुन्या यंत्रांचं वेड. लोक जुनी नाणी जमवतात. हा १९९८ साली बाजारात आलेलं सन कंपनीचं ‘अल्ट्रा ५’ वर्कस्टेशन रिक्षात घालून घेऊन आला. सन कंपनी २०१० साली ओरॅकलने विकत घेतली, पण यंत्राला ते कुणी कळवलेलं दिसलं नाही. ते अजून इमानेइतबारे चालू होतं.

आजीला खूष करायला त्याने आमच्या वडिलांचा फोटो पडद्यावर आणला. आई चष्मा सावरत म्हणाली, “हे ‘हे’ नव्हेत. ह्यांच्या तोंडावर देवीचे व्रण नव्हते.” गालांवर खरोखरच ठिपके होते. तेवढ्यात माऊस शेजारच्या खिडकीत गेला आणि वडील हिरवेगार झाले! आई उठून आत निघून गेली. त्यांचा रंगीत फोटो एवढा एकच. तेव्हा प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

“मामा, यंत्र बिघडलेलं नाही. ते आठ बिटांवर आहे,” भाचा म्हणाला. आठ बिटांत ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यापाशी रंग नसतोच, नुसता आकडा असतो. कुठल्या आकड्याला कुठला रंग, ते एका तक्त्यात लिहिलेलं.

हे मात्र आम्हांला चटकन कळलं. हा टोकनचाच कारभार! पूर्वी पितळी टोकनावर ३७ लिहिलेलं असे. ३७ म्हणजे किती रुपये, ते रजिस्टर बघितल्यावरच कळायचं. आता शेजारच्या खिडकीने स्वतःचं रजिस्टर उघडलं, तर आपल्या ३७ला भलतीच रक्कम मिळणार. वडील हिरवे झाले ते यामुळे.

“आणि चोवीस बिटांत?”

“तिथे रजिस्टरच नाही. तांबडा, हिरवा, निळा, प्रत्येकाला आठ बिटं. एकूण रंग १,६७,७७,२१६.”

म्हणजे रक्कम चेकवरच लिहिलेली! आम्ही तत्काळ मंजुरी दिली. भाचा ‘रूट’ झाला, म्हणजे त्या यंत्राचा ब्रँच मॅनेजर. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या अक्षरांत त्याने अर्ज टाइप केला: ‘एम६४कॉन्फिग -डेप्थ २४’. यंत्र एक अक्षर बोललं नाही. हुकूम निघाला तरी अंमल लगेच होत नाही. लॉगआउट करून पुन्हा आत यावं लागतं. सरकारी खात्यांपेक्षा तरी लवकर म्हणायचं.

“पण पडदा १२८० बाय १०२४ ठेवता येणार नाही,” भाचा म्हणाला. आम्ही लगेच कागद ओढला. नाव चोवीस बिटांचं असलं तरी हे कार्ड दर ठिपक्याला बत्तीस बिटं, म्हणजे चार बाइट वापरतं. एकूण ५२,४२,८८० बाइट. कार्डाची मेमरी ४ एमबी, म्हणजे ४१,९४,३०४. तूट १०,४८,५७६! एवढा ओव्हरड्राफ्ट आमच्या साहेबांनीही दिला नसता. मग ११५२ बाय ९०० धरून पाहिलं: ४१,४७,२००. बसलं!

आईला पुन्हा बोलावलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पडद्यापाशी बोट नेऊन म्हणाली, “कपाळावरची ती खोक दिसते बघ. लग्नाच्या आदल्या दिवशी पडले होते.” ही खोक आमच्या आजवरच्या आयुष्यात आम्हांला ठाऊक नव्हती.

अशा वेळी कॉमर्सचा पदवीधर दुसरं काय करणार? आम्ही मान खाली घालून शिल्लक काढत बसलो. ती ४७,१०४ बाइट निघाली. सगळा खर्च भागवून वर एवढं उरलेलं खातं आमच्या घराण्यात हे पहिलंच.