रस्त्यावरचा आपला हक्क नकाशावर कधी येणार?



परभणीत रस्त्यांचा विषय निघाला की चर्चा खड्ड्यांपाशी सुरू होते आणि खड्ड्यांपाशीच संपते. मला आज वेगळा प्रश्न विचारायचा आहे. शहराचे रस्ते कुणाला डोळ्यांसमोर ठेवून आखले जातात?

१० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्टेशनसमोरील बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि समाज रस्त्यावर उतरला. त्याच संविधानाचं कलम १५(२) काढून वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या रांगेत तिथे ‘रस्ते’ हा शब्द आहे. सरकारी पैशातून राखलेल्या रस्त्याच्या वापराला जात, धर्म, लिंग यावरून आडकाठी करता येणार नाही. हा शब्द तिथे का लागला, हे आपल्या आजोबांना समजावून सांगावं लागलं नसतं. गावातल्या कोणत्या वाटेनं जायचं आणि कोणत्या नाही, हे त्यांना लहानपणीच कळलेलं होतं.

शहरात आज तसं कुणी अडवत नाही. पण आखणीच अशी असेल की पायी चालणाऱ्याला जागाच उरत नाही, तर कुणी न अडवताही माणूस अडतोच.

आपल्या शहराचा नकाशा बघा. जिंतूर, पाथरी, गंगाखेड, वसमत, चारही बाजूंचे रस्ते शहरात येऊन मिळतात. जुना कल्याण-निर्मल रस्ता शहरातूनच गेलेला. २०११ ला महानगरपालिका झाली, त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाखांवर होती. तेव्हापासून प्लॉटिंग चौफेर वाढलं. प्रत्येक लेआऊटला आपापले रस्ते आहेत, पण एकाचा रस्ता दुसऱ्याच्या भिंतीला जाऊन थांबतो. शेजारच्या कॉलनीत जायचं तरी मेन रोडवर यावं लागतं. मग त्याच रोडवर ट्रक, उसाचा ट्रॅक्टर, एसटी, ऑटो, हातगाडा आणि शाळेतून येणारी पोरं, सगळे एकत्र. याला आपण ट्रॅफिक म्हणतो. खरं तर हा मधले रस्ते नसल्याचा परिणाम आहे.

संतुलित जाळं म्हणजे लांबची वाहतूक शहराबाहेरून, शहरातल्या मोठ्या वाहतुकीला मुख्य रस्ते, वस्त्यांना एकमेकींशी जोडणारे मधले रस्ते आणि घरापुढच्या गल्ल्या. यातला मधला दुवा तुटला की बायपास बांधूनही गर्दी हटत नाही. बायपास जाणाऱ्याला लवकर पुढे नेतो. इथे राहणाऱ्याचा प्रश्न तो एकटा सोडवू शकत नाही.

माझ्या आईचंच बघा. २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ती मानवतला मावशीकडे जाते, तेव्हा जाता-येता चांगले पैसे वाचतात. पण घरापासून बसस्टँडपर्यंत आणि रात्री स्टँडवरून घरी ऑटोच करावा लागतो, आणि वाचलेले पैसे तिथेच जातात. नाहीतर पायी चालायचं, तेही गाड्यांच्या कडेकडेनं. दोन घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर हे रोजचंच.

२०११ च्या जनगणनेत कामाला कसं जाता, हेही विचारलं होतं. देशभरात शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी कारनं जाणारे तीन टक्क्यांहूनही कमी निघाले. पायी आणि सायकलनं जाणारे त्यांच्या कितीतरी पट. भारतीय रस्ते काँग्रेसचं मानक सांगतं की फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे साधारण सहा फूट. आपल्या शहरात टेप घेऊन निघा आणि अशी जागा सलग किती पावलं सापडते ते मोजा.

काही मित्र म्हणतात, रस्ता रुंद करायचा म्हटलं की पहिलं माप आपल्याच झोपडीला लागतं, म्हणून विरोध करायचा. ही भीती खोटी नाही. ज्यांच्याकडे कागद नाहीत, त्यांचं घर आधी पडतं. पण नुसता विरोध करून आपण आखणीच्या बाहेरच राहतो. रेष ओढली जाते तेव्हा आपण तिथे नसतो, बुलडोझर येतो तेव्हा असतो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा आहे. त्यानुसार शहराला विकास आराखडा करावा लागतो, त्यात रस्ते आणि वाहतुकीची आखणी येते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कोणत्याही नागरिकाला ३० दिवसांत लेखी हरकत घेता येते, सुनावणी मागता येते. बिल्डर वकील घेऊन जातात. आपल्या वस्तीतून किती अर्ज जातात? फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्यानुसार शहर विक्री समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवालेच हवेत, अनुसूचित जातींनाही प्रतिनिधित्व हवं. तिथे आपलं कोण आहे?

म्हणून सुशिक्षित पोरांना माझं सांगणं आहे. आपल्या वस्तीचा नकाशा स्वतः काढा. शाळा, दवाखाना, स्टँड किती लांब, कुठे रस्ता तुटतो, कुठे अंधार असतो, हे लिहून काढा. फुटपाथ, शहर बस, वस्त्यांना जोडणारे रस्ते आणि हटवण्याआधी पुनर्वसन, या मागण्या हरकतीत घाला. जयंतीची मिरवणूक वर्षातून एकदा निघते, आपल्या आया-बहिणी त्याच रस्त्यानं रोज चालतात. त्यांच्यासाठी एक अर्ज लिहायला आपल्याला वेळ मिळालाच पाहिजे.

जय भीम! जय संविधान!