सोन्याचे शहर, बेताचा खर्च

ग्वादलकिविर नदीच्या काठी एक बाराकोनी बुरूज उभा आहे. संध्याकाळची किरणे त्याच्या भिंतींवर पडली की तो सोन्यासारखा उजळतो. त्याचे नावच मुळी 'तोरे देल ओरो', म्हणजे सोन्याचा मनोरा. १२२० च्या सुमारास मूर राज्यकर्त्यांनी शहराच्या रक्षणासाठी तो बांधला. पुढे तीनशे वर्षांनी अमेरिकेतून सोने-चांदी घेऊन येणारी जहाजे याच मनोऱ्याच्या परिसरात नांगर टाकू लागली. स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांताची राजधानी असलेले हे शहर म्हणजे सेव्हिल. तिथले लोक त्याला 'सेविया' म्हणतात.

१५०३ मध्ये स्पेनच्या राणीने इथे व्यापार-कचेरी स्थापन केली आणि अमेरिकेशी चालणारा सारा व्यापार या एकाच बंदरातून होऊ लागला. पण ज्या वाटेने लक्ष्मी आली, त्याच वाटेने ती निघूनही गेली. लढाया आणि सावकारांचे व्याज यांत सोने वितळले. राजा दुसरा फिलिप याला १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये कर्जफेड थांबवावी लागली. १७१७ मध्ये ती कचेरीसुद्धा कादिझ बंदरात हलली. सेव्हिलच्या वाट्याला उरले ते राजवाडे, बागा, चौक आणि चित्रे. गंमत म्हणजे यांतल्या कितीतरी गोष्टी आज विनामूल्य किंवा अगदी थोडक्या पैशांत पाहता येतात.

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला युरोपची सहल म्हणजे कित्येक वर्षांच्या बचतीचा प्रश्न. सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरले, तरी चहाच्या कपापासून हिशेब सुरू होतो. मात्र सेव्हिलमध्ये खिसा रिकामा होतो तो केवळ मोठ्या तिकिटांमुळे नव्हे. गळक्या नळासारखा पैसा थेंबाथेंबाने जातो आणि हे थेंब थोड्याशा माहितीने अडवता येतात.

केव्हा आणि कसे जावे?

जुलै-ऑगस्टमध्ये इथला पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. दुपारी रस्ते ओस पडतात आणि 'सिएर्पेस'सारख्या बाजारपेठेच्या गल्ल्यांवर सावलीसाठी कापडी छते ताणली जातात. ईस्टरपूर्वीचा पवित्र सप्ताह आणि त्यानंतर वसंतात भरणारी जत्रा हे दोन्ही सोहळे डोळ्यांचे पारणे फेडणारे खरे, पण त्या काळात हॉटेलांचे दर भरमसाट वाढतात. ज्यांना शहर निवांत पाहायचे आहे त्यांनी फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठावा. वसंताच्या सुरुवातीला रस्त्यांतली संत्र्यांची झाडे फुलतात आणि सारे शहर दरवळते. या झाडांची फळे मात्र तोडून खाऊ नयेत. ती कडू जातीची असून त्यांचा उपयोग मुरंब्यासारख्या मार्मालेडसाठी होतो.

माद्रिदहून सेव्हिलला जलदगती रेल्वेने सुमारे अडीच तासांत पोहोचता येते. १९९२ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सुरू झालेला हा स्पेनमधला पहिला जलदगती मार्ग. विमानाप्रमाणेच इथेही आगाऊ काढलेले तिकीट स्वस्त आणि आयत्या वेळचे महाग पडते. विमानतळावरून शहरात येण्यासाठी बस आहे. चौघांचे कुटुंब आणि भरपूर सामान असेल तर टॅक्सीही परवडू शकते. विमानतळाच्या फेरीचे अधिकृत दर ठरलेले असल्याने बसण्यापूर्वीच ते विचारून घ्यावेत.

शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, तर सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येत असल्याने शेवटच्या क्षणापर्यंत थांबू नये.

रोख की कार्ड?

दोन्ही! युरो भरलेले फॉरेक्स कार्ड मुख्य खर्चासाठी, थोडी रोकड किरकोळ खर्चासाठी आणि एखादे क्रेडिट कार्ड अडीअडचणीसाठी अशी विभागणी सोयीची ठरते. आपल्या नेहमीच्या कार्डावर परदेशी व्यवहारांची सोय निघण्यापूर्वीच बँकेकडून सुरू करून घ्यावी. अनेक क्रेडिट कार्डांवर परकी चलनाच्या व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार पडतो, तोही विचारून घ्यावा.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट दुकानाच्या काउंटरवर घडते. कार्ड लावल्यावर यंत्र विचारते : रक्कम रुपयांत घ्यायची की युरोंत? ओळखीचे रुपये पाहून बोट तिकडेच वळते आणि तिथेच फसगत होते. रुपयांचा तो दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो बहुधा महागच असतो. म्हणून न चुकता 'युरो' निवडावे. एटीएमवरही हाच नियम लागू. पैसे बँकेच्या शाखेतील एटीएममधून काढावेत. पर्यटकांच्या गर्दीत, दुकानांच्या भिंतींत बसवलेली यंत्रे जास्त शुल्क घेतात.

एका चौकातल्या तीन वास्तू

सेव्हिलचे कॅथेड्रल, अल्काझार राजवाडा आणि 'इंडीज'चे दप्तरखाने या तिन्ही वास्तू एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. १९८७ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

पूर्वीच्या मशिदीच्या जागेवर पंधराव्या शतकात उभारायला घेतलेले हे कॅथेड्रल जगातल्या सर्वांत मोठ्या गॉथिक चर्चपैकी एक आहे. पाहणाऱ्यांनी आपल्याला वेडे म्हणावे इतके भव्य चर्च बांधायचे, असे त्या वेळच्या धर्मगुरूंनी ठरवले होते, अशी आख्यायिका आहे. आत कोलंबसची समाधी आहे. त्याची शवपेटी स्पेनच्या चार जुन्या राज्यांचे प्रतीक असलेल्या चार पुतळ्यांनी खांद्यावर तोलून धरली आहे. हिंदुस्थानच्या शोधात निघून अमेरिकेला पोहोचलेल्या या दर्यावर्दीचे अवशेष स्पेनने क्यूबा गमावल्यानंतर इथे आणले गेले.

कॅथेड्रलचा हिराल्दा मनोरा मूळचा मशिदीचा मिनार. उंची सुमारे १०४ मीटर. पण आजी-आजोबांनी घाबरायचे कारण नाही. वर जाण्यासाठी जिन्याऐवजी ३५ उतरणी आहेत, अगदी शेवटी थोड्याशा पायऱ्या. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावे म्हणून ही योजना केली होती, असे सांगतात. मनोऱ्याचे तिकीट कॅथेड्रलच्या तिकिटातच येते.

समोरच्या अल्काझार राजवाड्याचे तिकीट सुमारे पंधरा युरोंचे आहे. हा खर्च टाळू नये. १३६४ मध्ये पेद्रो राजाने मुसलमान कारागिरांच्या हातून हा महाल सजवून घेतला. ख्रिस्ती राजाच्या घराच्या भिंतींवर अरबी लिपीतली नक्षी पाहून पाहणारा क्षणभर थबकतो. मागच्या बागांत कारंजी, मोर आणि संत्र्यांच्या सावल्या. वरचा मजला आजही स्पेनच्या राजघराण्याच्या उपयोगात आहे. तिकीट अधिकृत संकेतस्थळावर आधीच काढावे. त्यामुळे रांगेचे तास वाचतात आणि मधल्या दलालाची दलालीही. राजवाड्यात सोमवारी अखेरच्या तासाला आणि कॅथेड्रलमध्ये रविवारी दुपारनंतर मर्यादित मोफत प्रवेश देण्याची पद्धत आहे. त्यासाठी आगाऊ नोंदणी लागते आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. लहान मुलांसाठी काय सवलत आहे तेही तिथेच पाहून घ्यावे.

तिसरी वास्तू बहुतेक पर्यटक ओलांडून पुढे जातात. पूर्वी व्यापारी चक्क कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर आणि पाऊस आला की आतही सौदे करीत. धर्मगुरूंनी तक्रार केल्यावर त्यांच्यासाठी ही स्वतंत्र इमारत बांधली गेली. १७८५ पासून तिथे स्पेनच्या सागरी साम्राज्याचे दप्तर ठेवले आहे, सुमारे आठ कोटी पाने! सोन्याची लगड उरली नाही, पण तिची पावती मात्र जपून ठेवली आहे. प्रवेश विनामूल्य.

फुकटातली श्रीमंती

१९२९ च्या प्रदर्शनासाठी वास्तुविशारद आनिबाल गोन्सालेस यांनी रचलेला 'प्लाझा दे एस्पान्या' हा अर्धवर्तुळाकार चौक सेव्हिलचा मुकुटमणी मानला जातो. मध्ये कालवा, त्यावर चार पूल आणि भिंतीलगत स्पेनच्या प्रांतांच्या कथा सांगणारी रंगीत फरशांची बैठकस्थाने. मुलांना आवडेल अशी होडीची फेरी थोड्याच युरोंत मिळते. २०२४ मध्ये या चौकात पर्यटकांकडून शुल्क घेण्याची कल्पना महापौरांनी मांडली आणि मोठा वाद झाला. त्यामुळे जाण्यापूर्वी एकदा चौकशी करावी. शेजारच्या मारिया लुइसा बागेत मात्र दुपारचा डबा उघडून निवांत बसावे.

जवळच विद्यापीठाची भव्य इमारत आहे. हा अठराव्या शतकातला तंबाखूचा कारखाना. बिझेच्या 'कार्मेन' या ऑपेराची नायिका इथलीच कामगार दाखवली आहे. जुन्या मठात वसलेल्या ललितकला संग्रहालयात सेव्हिलचा सुपुत्र मुरियो याची चित्रे आहेत. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांसाठी तिथले तिकीट अवघे दीड युरो आहे.

नदीपलीकडची त्रियाना

१८५२ चा लोखंडी पूल ओलांडला की त्रियाना लागते. खलाशांची, कुंभारांची आणि फ्लामेंको कलावंतांची ही वस्ती. १० ऑगस्ट १५१९ रोजी सेव्हिलच्या धक्क्यावरून मॅगेलनची पाच जहाजे निघाली. हा मॅगेलन त्याआधी पोर्तुगीज आरमारातून हिंदुस्थानात येऊन गेला होता. तीन वर्षांनी एकच जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, तेही अठराच माणसे घेऊन. मॅगेलन वाटेतच मारला गेला होता. जहाजात सोने नव्हते, होती लवंग!

इथल्या दुकानांत रंगीत फरशा मिळतात. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये घरांवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या कलेची ओळख लगेच पटेल. एखादी छोटी फरशी ही स्वस्त, टिकाऊ आणि खरीखुरी आठवण.

फ्लामेंको घडवण्यात स्पेनमधल्या रोमा लोकांचा मोठा वाटा आहे. त्यांचे पूर्वज शतकांपूर्वी वायव्य भारतातून निघाले, असे भाषेच्या अभ्यासातून दिसते. रोमानी भाषेत दोनला 'दुय', तीनला 'त्रिन' आणि पाण्याला 'पानी' म्हणतात. एवढे ठाऊक असले की नर्तिकेच्या पायांचा ठेका आणि हातांच्या मुद्रा परक्या वाटत नाहीत. छोट्या सभागृहातला कार्यक्रम वीस युरोंच्या पुढे पडतो. जेवणासह तिकीट बरेच महाग असल्याने कार्यक्रम वेगळा आणि जेवण वेगळे ठेवावे.

पोटोबाचे गणित

स्पेनचे घड्याळ वेगळे आहे. दुपारचे जेवण दोन ते चार, रात्रीचे नऊनंतर. मुख्य जेवण दुपारी उरकावे, कारण त्या वेळी अनेक ठिकाणी 'मेनू देल दिया' हे ठरावीक किमतीचे पूर्ण जेवण मिळते, विशेषतः कामाच्या दिवसांत. कॅथेड्रलच्या दारातली उपाहारगृहे टाळून चार गल्ल्या आत गेले की दर उतरतात.

शाकाहारींसाठी खास सेव्हिलचा पदार्थ म्हणजे पालक आणि छोले, जिरे घालून केलेला. 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' हे नाव लिहूनच ठेवावे. थंडगार टोमॅटोचे गास्पाचो उन्हाळ्यात अमृतासारखे लागते. दाट साल्मोरेखोवर मात्र मांसाचे तुकडे आणि अंडे पेरतात, म्हणून 'सिन खामोन, सिन उएव्हो' असे आधीच सांगावे. नुसते 'मांस नको' म्हटले तर ताटात मासा येऊ शकतो.

नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे. २०२२ च्या कायद्यानुसार उपाहारगृहांनी मागणाऱ्याला नळाचे पाणी विनामूल्य द्यायचे असते. 'आग्वा देल ग्रिफो' हे तीन शब्द पाठ केले तर चौघांच्या कुटुंबाचा बाटल्यांचा खर्च वाचतो. बक्षिसी सक्तीची नाही, सुटे पैसे ठेवले तरी पुरते.

खिसा सांभाळा

कॅथेड्रलजवळ कुणी रोझमेरीची डहाळी प्रेमाने हातात ठेवू लागले तर हसून पुढे चालावे. डहाळी घेतली की भविष्यकथन आणि मग पैशांची मागणी सुरू होते. गर्दीत पर्स पुढे घ्यावी आणि मोबाइल टेबलावर ठेवू नये. पासपोर्टची छायाप्रत वेगळी ठेवावी. संकटकाळी ११२ हा क्रमांक फिरवावा.

खरेदी केल्यास दुकानात करपरताव्याचा अर्ज मागावा. परदेशी पर्यटकांसाठी किमान खरेदीची अट स्पेनने २०१८ मध्ये काढून टाकली. युरोपीय संघ सोडताना, सामान चेक-इन करण्यापूर्वी, विमानतळावर तो नोंदवून घ्यावा.

शेवटची संध्याकाळ पुन्हा नदीकाठी घालवावी. या शहराने अमाप सोने पाहिले आणि ते गमावलेही. उरले ते काठावरच्या बाकावर बसणाऱ्या कुणालाही मिळते. मनोऱ्यावर ऊन रेंगाळते, पलीकडे त्रियानातले दिवे लागतात आणि संत्र्याच्या फुलांचा वास येतो. त्यासाठी पाकीट उघडावे लागत नाही.