सतरा की अठरा?

गाडीची चाकं सगळ्यांना दिसतात; फक्त ती चालवणाऱ्याला दिसत नाहीत. माझ्या जुन्या टोयोटा जीटी८६ साठी नवीन चाकं शोधताना हे मी स्वतःला सारखं बजावत होतो. मी म्युनिकजवळ राहतो. नाशिकच्या आतेभावाला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली, तर तो म्हणाला, "भारी आहे रे, पण चाकं बारकी वाटतात. अठरा टाक की!"

बारकी वाटतात हे खरंच. २०१२ मध्ये ही गाडी आली तेव्हा तिला २१५/४५ आर १७ मापाचे मिशलँ प्रायमसी टायर होते. त्याच जातीचे टायर प्रियसलाही मिळायचे, म्हणजे पेट्रोल वाचवणाऱ्या घरगुती गाडीला. २०० हॉर्सपॉवरच्या स्पोर्ट्स कारला असले टायर? पण ते मुद्दाम दिलेले होते. मुख्य इंजिनीअर तेत्सुया तादा यांना प्रचंड पकड नको होती. बेताच्या वेगातही जिचं वळणं हातांना आणि पाठीला कळेल, अशी गाडी हवी होती. पकड वाढवली की गाडी हे सगळं सांगते, पण फार जास्त वेगाला. आणि रोजच्या रस्त्यावर त्या वेगाला जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

आता आकडे बघू. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, साधारण ९७ मिमी. १७ हा रिमचा व्यास, इंचात. अठराच्या रिमवर २१५/४० घेतला तर बाहेरचा व्यास जेमतेम ४ मिमीनं वाढतो, म्हणून स्पीडोमीटर फारसा बिघडत नाही. पण भिंत ८६ मिमीवर येते. खड्डा आला की हीच भिंत दबून रिमला वाचवते. म्हणजे रबर कमी केलं आणि त्या जागी धातू आणला. धातू सहसा जड, शिवाय केंद्रापासून लांब. ते वजन दरवेळी फिरवायचं आणि ब्रेक लावून थांबवायचंही.

दुसरा आकडा ऑफसेट. मूळ रिम ७ इंच रुंद, ऑफसेट ४८. फोटोत रुबाबदार दिसणारी ८ इंची, ३५ ऑफसेटची रिम घेतली, तर तिची बाहेरची कड जवळजवळ २६ मिमी बाहेर येते. मग टायर मडगार्डला घासायची भीती, बेअरिंगवर जादा ताण आणि स्टिअरिंगचा बदललेला स्वभाव. जर्मनीत यावर कागदही लागतो: कुठल्या रिमवर, कुठल्या गाडीला, कुठल्या मापाचा टायर चालेल हे प्रमाणपत्रात असतं. त्यात बसत नसेल तर तपासणी करून घ्यावी लागते, नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच जाते.

अठराला सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. २०२१ मध्ये आलेल्या जीआर८६ च्या वरच्या मॉडेलना कंपनीनंच २१५/४० आर १८ दिले. भिंत कमी असली की स्टिअरिंगला प्रतिसाद चटकन मिळतो. मोठे ब्रेक बसवायचे तर मोठी रिम लागतेच. आणि गाडी देखणी दिसावी असं वाटण्यात काही गैर नाही. फक्त देखणेपणासाठी पैसे मोजतोय हे माहीत असावं. त्याला 'परफॉर्मन्स' म्हणू नये.

मी सतराच घेतली. टायरचं माप तेच, रिम प्रत्येकी दोन किलोनं हलकी. लांबून बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही. पण फुटलेल्या डांबरावर चाक आता आदळून उसळत नाही, रस्त्याला धरून राहतं, आणि वळणात शिरताना गाडी आधीपेक्षा हलकी वाटते. हे बदल मला एकट्यालाच कळतात, आणि गाडी मी चालवण्यासाठीच घेतली होती.

तुमची गाडी स्पोर्ट्स कार नसून साधी हॅचबॅक असली तरी हिशोब हाच. आपल्याकडच्या खड्ड्यांत तर भिंतीचा एकेक मिलिमीटर कामाचा. दुकानात चाकाचं डिझाइन आणि इंच सगळेच विचारतात. तुम्ही वजनही विचारा.